कौसल्या चुलीपासून का उठत नव्हती

माझी शाळा तिसरीत सुटली. काना-मात्रा चुकला असेल तर छापणाऱ्यांनी नीट करून घ्यावा, मला सांगायला येऊ नये. पण थंडीबद्दल मात्र माझ्याशी वाद घालायचा नाही. मी ढिवर माणूस. सारा जन्म तलावाच्या पाण्यात गेला. बाकीचे लोक थंडी वाजली की रजई ओढतात. आम्ही थंडीत जाऊन उभे राहतो आणि त्यावर पोट भरतो. कोणाची थंडी हवेची, कोणाची हाडातली आणि कोणाची नुसती आळसाची, हे मी काठावरून माणूस पाहून सांगत आलो आणि लोकांनी ते मानलं. असा मी माणूस, आणि माझ्याच घरात असा अडकलो की हे लिहितानाही एक कान आतल्या खोलीकडे आहे. आत माझी बायको कौसल्या झोपली आहे. फार वेळ तिची हालचाल ऐकू आली नाही की मी पेन खाली ठेवून पाहून येतो. म्हणून हे लिहिणं तुटक झालं असेल तर झालं.

आधी धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, अड्याळच्या अलीकडे. तलाव जुना, मोठा. मासोळी तर आम्ही धरतोच, पण आमच्या घराण्याचं नाव शिंगाड्यात. शहरातल्या बायांना शिंगाड्याचं पीठ ठाऊक असतं, उपासाला लागतं म्हणून. शिंगाडा झाडाला लागत नाही, पाण्यावर पसरणाऱ्या वेलाला लागतो. पावसाळ्यात तलाव भरत आला की रोपं घेऊन आत उतरायचं आणि पायाच्या अंगठ्याने रोप खालच्या चिखलात दाबायचं. हाताने लावायला जाल तर नाकातोंडात पाणी. आमच्यात माणसाचा अंगठा पाहून कारागीर ओळखतात.

दसऱ्याच्या सुमाराला फळ धरतं. पाण्यावर पानांचा झुबका असतो, तो उलटा केला की खाली शिंगाडे लोंबताना दिसतात. ट्रकच्या ट्यूबवर टोपलं बांधून ते सोबत ओढत न्यायचं, तोडायचं, टाकायचं. छातीइतकं पाणी, खाली चिखल, पायाला जळवा, आणि शिंगाड्याचे काटे बोटात. काठावर बाया गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, तो माल उकडतात. ऊन-ऊन शिंगाडे मग अड्याळच्या बाजारात जातात, शहापूरच्या हायवेवर जातात, दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते तिथे जातात. मंडईत रात्रभर नाटक पाहणारा माणूस शिंगाडे सोलतो तेव्हा त्याला वाटतं, हे काय, पाण्यातून तर काढायचे! काढून पाहा म्हणावं पौषात.

पाण्यात मी एकच नियम पाळला आणि टोळीला पाळायला लावला. माणूस कुडकुडतो आहे, दात वाजवतो आहे, शिव्या देतो आहे, तोवर काळजी नाही. त्याचं अंग स्वतःला तापवण्यासाठी झटून राहिलं आहे. पण कुडकुडणं थांबलं, जीभ जड झाली, एक विचारलं आणि उत्तर दुसरंच आलं, की त्याला ओढून काढा. तो म्हणेल, "आता बरं वाटून राहिलं." त्याचं ऐकायचं नाही. माझ्या बापाने मला हे मारून शिकवलं होतं.

थंडीचे नमुने बरेच पाहिले. माझा चुलतभाऊ गनपत माझ्यासोबतच पाण्यात असतो. एका हिवाळ्यात तो तलावाच्या मधून बोंबलला, "दादा, धावा वो! माही बोटं मेली!" पाहतो तर दोन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी. शेकोटीपाशी आणलं तर ती निळी झाली, मग लाल झाली, आणि मग असा ठणका लागला की हा भला माणूस लेकरासारखा रडला. रडणं थांबलं तसं त्याच शेकोटीवर त्याने बिडी पेटवली. पुढे पुढे घरात थंड पाण्याचा लोटा धरला तरी बोटं पांढरी पडायला लागली. पायाच्या बोटाला जखम झाली ती भरेना. डॉक्टरने सांगितलं, बिडीने रक्ताच्या नळ्या आवळल्या आहेत, बोटापर्यंत ऊब पोचतच नाही. बोट ठेवायचं की बिडी, ते ठरव.

गनपत म्हणाला, "साहेब, दोनी ठेवले तं नाई चालत काय?"

नाही चालत. पायाचं एक बोट गेलं तेव्हा बिडी सुटली. आता तो रोप दुसऱ्या पायाने दाबतो.

दुसरा नमुना एका मास्तरीणबाईंचा. अड्याळच्या बाजारात आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक, हंगामात शिंगाडे, नाही तर मासोळी. चैत्राच्या उन्हातही अंगात स्वेटर. मी एकदा म्हटलं, "बाई, तुमाले पंख्याची सवय पडली. जरासक उन्हात बसत जा." त्या हसल्या, पण पिशवी उचलून चार पावलं गेल्या तर धाप लागून थांबल्या. ओठ पांढरे, नखं पांढरी. पुढल्या हंगामात आल्या तेव्हा स्वेटर नव्हता आणि चेहऱ्यावर रंग होता. म्हणाल्या, "अंगात रक्तच नव्हतं हो. गोळ्या घेतल्या, आता बरी आहे." मी म्हटलं, "मी तवाच सांगतलं होतं." सांगितलं काही नव्हतं, पण बाईंनी वाद घातला नाही. शिकलेली माणसं कधी कधी समजदार असतात.

आता कौसल्या.

गेल्या वर्षीचा उन्हाळा. वैशाखात आमच्याकडे कावळासुद्धा चोच उघडी ठेवून बसतो. सारं गाव अंगणात खाटा टाकून पाणी शिंपडत होतं, आणि कौसल्या आतल्या खोलीत वाकळ पांघरून. आमची पोरगी सुनिता कोंढ्याला दिली आहे, ती चार दिवस माहेरी आली होती. तिने कूलर लावला तर कौसल्या ओरडली, "बंद कर वं माय! माह्या हाडात वारं शिरते."

सुनिता माझ्याकडे आली. "बाबा, आईले दवाखान्यात न्या. हे काई बरोबर नाई."

"कायले? जलमभर काठावर वल्ल्या लुगड्यात बसली ते. पान्याची थंडी अंगात मुरली. मले नाई ठाऊक तं कोनाले ठाऊक?"

"तुमाले तं सगळंच ठाऊक रायते. आईचा आवाज ऐकला काय? बुड्या मानसासारखा झाला."

"बुडी झाली तं आवाज का पोरीचा येईन?"

ती पाय आपटत कोंढ्याला गेली. मी माझे उपाय सुरू केले. जवसाचं तेल कोमट करून दिलं. सुंठ-गूळ दिला. सकाळी उन्हात खाट टाकून दिली. पाण्यातून काढलेला माणूस यावर उठून बसतो. कौसल्या उन्हात बसून पेंगायची. सुपात तांदूळ घेतले तर अर्ध्यात डोळा लागायचा. भाजीत दोनदा मीठ, नाहीतर मुळीच नाही. कंगव्यात केसांचा झुबका. खाणं अर्ध्यावर आलं आणि अंग मात्र भरत गेलं. कासारीण आली तर नेहमीच्या मापाची बांगडी हातावर चढेना. शेजारच्या बाया म्हणाल्या, "कौसल्याबाईले सुख मानवलं." मलाही ते ऐकायला बरंच वाटलं, आता खोटं कशाला बोलू?

मग दसरा आला, शिंगाडा निघाला, आणि कौसल्या एकदम कामाला लागली. उकडायच्या चुलीवर. ही चूल म्हणजे शिक्षा असते. तुराट्यांचा जाळ, वर वाफेचा गंज, डोळ्यात धूर. बाया पाळीपाळीने बसतात, घडीभर बसून तोंड धुवायला पळतात. कौसल्या उठेचना. बाया म्हणायच्या, "मावशी, सरका, आमी बसतो."

"राहू द्या वं. मले जमते."

मी अड्याळच्या बाजारात चारचौघांत सांगितलं, "माही बायको पाहा. या उमरीत चूल सोडत नाई. आजकालच्या सुनांनी शिकावं." शिंगाडे उकडून नेणाऱ्या घरात यापेक्षा मोठी बढाई नाही. ज्याने त्याने मान हलवली. गनपतच्या बायकोने तिच्या सुनेला आणून कौसल्या दाखवली, पाहा म्हणे, काम असं असते. साऱ्या टोळीने पाहिलं आणि एकालाही ते दिसलं नाही. बाईला कामाचा उत्साह नव्हता. तिला जाळ पाहिजे होता. चुलीपासून हात दोन हात दूर गेली की तिला राहवत नव्हतं. हे दुसऱ्या कोणाच्या घरी असतं, शेतकऱ्याच्या, दुकानदाराच्या, तर लोकांनी विचारलं असतं की बाई सारखी चुलीपाशी का? आमच्या घरात काठावर चूल आणि चुलीपाशी बाई हे रोजचंच. याला माझी चूक म्हणायची असेल तर म्हणा. मी सोबत साऱ्या काठाची म्हणतो.

पौषात एके सकाळी तलावावर इतकं धुकं होतं की ट्यूबचं टोपलंही दिसत नव्हतं. आम्ही आत होतो. बाया माल आणायला पलीकडच्या काठावर गेल्या होत्या. धुकं जरा फाटलं तेव्हा मला आमची चूल दिसली. गंजातून वाफ निघत नव्हती. चुलीत नुसती राख, आणि कौसल्या त्या राखेवर हात धरून बसलेली.

मी ओरडलो, "अवं, इस्तो इझला ना!"

 मी टोपलं सोडून बाहेर निघालो. जवळ गेलो, पुन्हा विचारलं. तिने मान वर केली, पण किती सावकाश! जसा कोणी पाण्याखालून पाहतो.

"शिंगाडे..." ती म्हणाली. थांबली. "सुनिता जेवली काय?"

सुनिता कोंढ्याला होती. मी ओला, उघडा, दातावर दात वाजत होते, गुडघे हालत होते. आणि समोर ही बाई लुगडं, शाल, वाकळ घेऊन कोरडी बसलेली, आणि अंगाला शहारा नाही. एकही नाही. मला माझंच अंग थरथरताना दिसत होतं आणि तिचं दगडासारखं स्थिर.

"थंडी वाजते काय तुले?"

"नाई," ती म्हणाली. "आता बरं वाटून राहिलं."

मी गनपतला अशी हाक मारली की पलीकडच्या काठावरच्या बाया धावत सुटल्या. गनपतची तीनचाकी मालगाडी काठावर उभी होती, शिंगाड्याची पोती भरलेली. पोती तिथंच पाडली. कौसल्येला वाकळीसकट उचलून मागे घातलं, मी तिला धरून बसलो. भंडाऱ्यापर्यंत मी तिला बोलायला लावत होतो. गावातल्या देवांची नावं विचारली, लग्नात आलेल्या मामांची विचारली. ती एक नाव घ्यायची आणि गप्प व्हायची. गप्प झाली की मी शिवी द्यायचो. माझ्या शिवीला कौसल्येने उलट उत्तर दिलं नाही, असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी तिने एकदाही दिलं नाही. गनपत गाडी हाकता हाकता "आलं वो दादा, भंडारा आलं" म्हणत राहिला, आणि भंडारा काही येत नव्हतं.

मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या नातीच्या वयाच्या. तिथल्या माणसांना म्हणाल्या, "आधी या आजोबांना कोरडं काहीतरी द्या," आणि कौसल्येला आत घेऊन गेल्या. मी म्हटलं, शेक द्या, गरम पाण्याच्या पिशव्या लावा. त्या म्हणाल्या, एकदम शेकायचं नाही, हळूहळू ऊब द्यायची, मधे बोलू नका. मी बोललो. त्यांनी मला बाहेर बसवलं.

ती वाचेल की नाही, हे कोणी सांगेना. सुनिता आली, माझ्याकडे न पाहता आत गेली. त्यानंतरचे दिवस मी दवाखान्याच्या ओट्यावर काढले. माझं काही खाण्यात लक्ष नव्हतं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. कौसल्येचे डोळे उघडे होते. बाईंनी तिच्या नडगीवर बोट दाबून सूज दाखवली. टाचेच्या वरच्या शिरेवर लहानशी हातोडी मारली, तर पाऊल असं सावकाश परत आलं जशी झोपेतून उठवलेली म्हैस. कौसल्या लाजेने पाय ओढत होती, मोठ्या घरची शिकलेली पोरगी आपल्या पायाला हात लावते म्हणून.

बाई म्हणाल्या, "गळ्यात, कंठाच्या खाली, सगळ्यांनाच एक ग्रंथी असते. थायरॉईड म्हणतात. अंगातली चूल किती पेटवायची, ते ती ठरवते. आजींची फार दिवसांपासून मंद झाली आहे. म्हणून थंडी, म्हणून सूज, म्हणून आवाज जड, झोप, विसरणं. शिवाय रक्तही कमी आहे."

"ते पान्याची थंडी आहे, बाई," मी म्हटलं. "आमच्या धंद्यात असते."

"आजोबा, पाण्यात जास्त कोण असतं? तुम्ही की त्या?"

"मी."

"मग तुम्हाला का नाही वाजत?"

 मी बाहेर येऊन बसलो. मागून सुनिताने चहा आणून ठेवला आणि ती परत आईपाशी गेली. 

बाईंनी नंतर मला समजावून सांगितलं ते मी गावात सांगत असतो, इथेही सांगतो. साऱ्यांना गरम होतं आणि एकालाच सारखी थंडी वाजते, तर ती थंडी हवेची नव्हे. कोणाचं रक्त कमी असतं, कोणाची ही गळ्यातली ग्रंथी मंद असते, कोणाच्या साखरेने पायाच्या नसा खराब होतात, कोणाच्या नळ्या बिडीने आवळतात, कोणी पोटभर खातच नाही आणि अंगात मांस राहत नाही. म्हातारपणानेही थोडी वाजते. पण कोणती कशाची, हे रक्त तपासल्याशिवाय काठावरून सांगता येत नाही. आणि हे मला, काठावरून सांगणाऱ्याला, सांगावं लागतं.

गोळी सुरू झाली. सकाळी उपाशीपोटी, आणि त्यावर बराच वेळ चहा नाही. कौसल्येने थंडी सोसली, चहावाचूनची सकाळ तिला सोसवेना. "त्या डॉक्टरनीले चहा नाई आवडत, मनून मले कायले उपाशी ठेवते?" असं ती म्हणाली, तेव्हा मला कळलं की बाई परत येऊन राहिली आहे. सूज हळूहळू उतरली. पावसाळ्यात आवाज परत आला, तोच जुना, अंगणातून हाक मारली तर तलावावर ऐकू येणारा. बांगडी चढली. मी पुन्हा पाण्यात उतरलो, रोप दाबलं. म्हटलं, झालं.

पण गावातला माणूस बरं वाटलं की औषध सोडतो, आणि देवाचं कारण मिळालं तर लवकर सोडतो. या नवरात्रानंतर एका दुपारी, घरात सारे पंख्याखाली असताना, कौसल्येने वाकळ ओढली. 

"गोळी घेतली काय?"

"उपास होता ना."

"कोनत्या दिवशी?"

"नऊही दिवस होता. गोळी का उपासाची रायते? कायची बनवते, कोनाले ठाऊक?"

"आन उपास सुटल्यावर?"

त्यानंतरही घेतली नव्हती. तिला बरं वाटत होतं. देवीने बरं केलं, असं तिला वाटत होतं.

"देवीले गोळी नाई चालत," मी म्हटलं, "आन तू मेली तं चालते काय?"

"अभद्र बोलू नका. तुमीच तं मनता ना, तुमाले सगळं समजते. मंग तवाच काहून नाई पाहिलं?"

मी कोंढ्याला सुनिताला कळवलं. सुनिताने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आजपासून सुरू करा, उपासाला पण घ्यायची, एक दिवस सोडायची नाही, आणि रक्त तपासायला घेऊन या. दिवाळी झाली की नेणार आहे. तोवर ती पुन्हा गार पडते की काय, ते मी कसं पाहिलं, हे आता लिहितो. कोणाला सांगितलेलं नाही.

आमच्यात बायको नवऱ्याच्या पायाला हात लावते, सणाला, गावाला जाताना. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावला तर पाप तिला लागतं, असं बाया मानतात. संसार इतका झाला, पण कौसल्येचे पाय कसे आहेत, ऊन की थंड, ते मला माहीत नव्हतं. दवाखान्यात त्या पोरीने हात लावला तेव्हा मी पहिल्यांदा ते नीट पाहिले.

आज पहाटे तलावावर जायच्या आधी मी खाटेच्या पायथ्याशी बसलो. वाकळ जरा बाजूला केली आणि तिच्या पावलावर हात ठेवला. काही कळेना. दुसरा हात ठेवला. तरी कळेना. शिंगाड्याच्या काट्यांनी माझ्या बोटांची कातडी अशी मेली आहे की निखारा उचलला तरी उशिरा चटका बसतो. थंड आहे की ऊन, हे सांगायला माझ्या हातात काही उरलेलंच नाही. मग मी वाकलो आणि तिच्या पावलावर गाल टेकला.

ती जागी झाली. "अवो! हे काय करून राहिले? नरकात धाडता काय मले?"

"पाप माह्या नावानं घाल. पाय हालवू नको."

तिने पाय ओढून पाहिला, मी सोडला नाही. मग ती निजून राहिली. बाहेर गनपत हाक मारत होता, "दादा, चाला ना वो, उजेड झाला."

"दाढी टोचते," कौसल्या म्हणाली.

मी गाल उचलला नाही. थंड तिचा पाय होता की माझा गाल, ते अजून ठरत नव्हतं.